वाड्यातली सदाफुली

पुण्याच्या सदाशिव पेठेतला नागनाथ पार आमच्या वाड्यापासून चालत चार मिनिटांवर. १९९३ च्या श्रावणात एका सोमवारी वहिनी तिथे दर्शनाला गेल्या आणि परत आल्या त्या एकाच पायात चप्पल घेऊन. दुसरी कुठे पडली ते त्यांना सांगता येईना, कारण ती निसटलेली त्यांना कळलीच नव्हती. तळव्याला चिखल, अंगठ्याला ठेच, त्यातून आलेलं रक्त. "वन्सं, हे कधी लागलं हो मला?" असं त्यांनी उंबऱ्यात उभं राहून मलाच विचारलं.

त्यांना तेव्हा लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरची औषधं चालू होती. चारांपैकी एकाचं नाव व्हिन्क्रिस्टिन. दोन महिन्यांपासून त्या म्हणत होत्या, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. तांदूळ निवडताना खडा बोटाला लागेनासा झाला होता; ताटावर वाकून तो डोळ्यांनी शोधावा लागे. ब्लाउजचे हुक मी लावून देत असे. असं होऊ शकतं हे आधी आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा 'अशक्तपणा आहे' एवढंच उत्तर मिळालं. त्याचा राग मला अजून आहे. पण त्याहून जास्त टोचतं ते असं, की मी तेव्हा जवळजवळ वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होते. चेतापेशीची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. आणि ज्या झाडातून ते औषध निघतं ते आमच्याच चौकात, तुळशीवृंदावनाच्या बाजूला, आईने लावलेलं होतं. सदाफुली. देवपूजेला रोज पाच-सात फुलं आम्ही त्यावरून काढायचो.

सदाफुलीची गोष्ट थोडक्यात सांगते. १९५० च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे दोघे या पानांत मधुमेहावर काही सापडतं का ते पाहत होते; जमेकातले लोक त्यांचा काढा त्यासाठी घेत. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आलं, मग अमेरिकेत त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टिन, आणि १९६३ मध्ये ते रुग्णांसाठी मान्य झालं. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. विभागताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढून न्यायला पेशी बारीक नळ्यांची एक चौकट उभी करते. त्या नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात त्याला व्हिन्क्रिस्टिन चिकटतं आणि चौकट उभीच राहत नाही. वहिनींचा जीव याच औषधाने वाचवला, हे आधी स्वच्छ सांगायला हवं.

पण चेतापेशी तर विभागत नाही. मग तिला हे का भोवावं? आणि भोवलं तर हातापायांची टोकंच आधी का? या प्रश्नामागे गेले आणि मला कळलं की चेतातंतूच्या आतली जी गोष्ट मी 'प्रवाह' म्हणून शिकवत आले, तिचा इतिहासच मला धड माहीत नव्हता.

माणसाच्या पायाच्या अंगठ्याला जाणीव देणाऱ्या चेतापेशीचं मूळ अंग कमरेच्या मणक्यालगत असतं. तिथून अंगठ्यापर्यंत जातो तो तिचा एकच तंतू, अक्षतंतू. उंच माणसात त्याची लांबी मीटरभर भरते, जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. प्रथिनं बनवायचा कारखाना बहुतेक सगळा मणक्याजवळ, आणि गिऱ्हाईक पायाच्या बोटात. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की पेशीपासून तुटलेला भाग काही दिवसांत दाणेदार होऊन विरतो आणि पेशीकडचा भाग शाबूत राहतो. तंतू स्वतःच्या बळावर जगत नाही, त्याला घरून रसद लागते, एवढं त्या दिवसापासून नक्की झालं. रसद जाते कशी, हे कळायला मात्र आणखी सव्वाशे वर्षं लागली.

इथे मला आमच्या पेठेतल्या पाण्याकडे वळावं लागतं. सदाशिव पेठ म्हणजे पूर्वीचं मौजे नायगाव. पेशव्यांच्या काळात ते सदाशिवरावभाऊंच्या नावाने पेठ झालं. त्याच काळात कात्रजला बांध घालून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणलं, थेट शनिवारवाड्यापर्यंत. आत माणूस उतरू शकेल एवढा तो नळ. मध्ये पंप नाही, काही नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे, त्यांना उच्छ्वास म्हणतात, नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडायची. शहरात हौद, आणि त्या हौदांवर पेठांची तहान. माझे आजोबा पेठेतल्या हौदावरून कळशी भरून आणल्याच्या गोष्टी सांगत आणि हटकून पुढे म्हणत, "वर तुंबलं की खाली कोरडं." नळात माती साचली की अलीकडे पाणी चढायचं आणि पलीकडचे हौद खडखडीत.

१९४८ मध्ये शिकागोत पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी उंदराच्या नसेवर नेमकं हेच करून पाहिलं. नसेभोवती एक घट्ट कडं बसवलं. काही आठवड्यांनी कड्याच्या अलीकडे, पेशीच्या बाजूला, नस फुगली. पलीकडे ती बारीक राहिली. कडं काढल्यावर तुंबलेला ऐवज पुढे सरकू लागला, दिवसाला एक ते दोन मिलिमीटर. वाइसने अर्थ लावला तो कोणत्याही नळवाल्याने लावला असता: तंतू म्हणजे नळ, आत द्रव, पेशीकडून टोकाकडे सावकाश वाहणारा. मी १९७४ ला शिकवायला लागले तेव्हा हेच वर्गात सांगितलं, 'अक्षद्रव्याचा प्रवाह'. आणि समजावताना उदाहरण दिलं कात्रजच्या नळाचं. ते पोरांना लगेच पटायचं. स्वारगेटकडून सायकलने येणाऱ्यांनी उच्छ्वास पाहिलेले असायचे.

खरं तर त्या वेळेपर्यंत या चित्राला तडे गेले होते. सिडनी ऑक्स याने मांजराच्या मणक्यालगतच्या चेतापेशींना किरणोत्सारी खूण असलेलं ल्युसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, दिलं आणि मांडीच्या मोठ्या नसेचे तुकडे करून ती खूण किती पुढे गेली ते मोजलं. उत्तर आलं दिवसाला ४१० मिलिमीटर. वाइसचा ऐवज दिवसाला मिलिमीटरभर, आणि त्याच नसेत त्याच वेळी दुसरा ऐवज चारशे पटीने वेगात. १९७१ मध्ये तर उलट्या दिशेची वाहतूकही दाखवून झाली: स्नायूत सोडलेलं प्रथिन टोकाकडून मणक्याकडे परत जातं. (पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर रेबीजचा विषाणू याच उलट्या वाटेने वर चढतो.) कात्रजच्या नळातून एकाच वेळी थोडं पाणी शनिवारवाड्याकडे धावतंय, थोडं रांगतंय आणि थोडं परत कात्रजला चढतंय, अशी कल्पना करून बघावी. उताराच्या जोरावर हे होत नाही.

त्या वर्षांतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. हायड्रिलाचं एक कोवळं पान, पाण्याच्या थेंबात, काचेवर. भिंग जुळवलं की पेशींच्या विटा दिसतात, आणि क्षणभर थांबलं की त्यांतले हिरवे दाणे चालायला लागतात. भिंतीच्या कडेने, एकामागोमाग एक, कोपऱ्यावर किंचित अडखळून पुन्हा पुढे. दिवा जवळ आणून ऊब दिली की चाल वाढते. पहिल्यांदा बघणारं पोर भिंगावरून डोळा काढायला तयार नसतं. त्या दिवशी एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, यांना ढकलतं कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही, जीवद्रव्य वाहतं, त्याबरोबर तेही जातात." तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. मग ती म्हणाली, "पण ते शेजारी शेजारी असून वेगवेगळ्या वेगाने जातायत." तिचं निरीक्षण माझ्या उत्तराहून सरस होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर १९८३ मध्ये आलं, आणि तेही पाणवनस्पतीतूनच. मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिक यांनी नायटेला या तळ्यातल्या शेवाळाची लांबलचक पेशी चिरून उघडी केली. तिच्या आतल्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे दोर ओळीने अंथरलेले असतात. त्यांवर त्यांनी चमकणारे सूक्ष्म मणी सोडले, मण्यांना मायोसिन माखलेलं. मायोसिन म्हणजे आपल्या दंडाच्या स्नायूतलं तेच आकुंचन घडवणारं प्रथिन. एटीपी हे पेशीचं इंधन घातलं, आणि मणी दोरावरून चालू लागले, सगळे एकाच दिशेने. वाहणारं तिथे काही उरलंच नव्हतं. दाण्यांना ढकलणारे होते, आणि ते दोरावर पाय रोवून चालत होते.

अक्षतंतूत हेच पाहायला मोठा तंतू हवा होता. तो स्क्विडकडे असतो, आपल्या मासळीबाजारात ज्याला माकूल म्हणतात त्याच्याकडे. त्याचा एक तंतू मिलिमीटरभर जाड भरतो, साध्या डोळ्यांना दिसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वुड्स होल इथे उन्हाळ्यात स्क्विड येतात आणि त्यांच्यामागे शास्त्रज्ञही. १९८२ मध्ये तिथे स्कॉट ब्रेडी, रेमंड लासेक आणि रॉबर्ट ॲलन यांनी तो तंतू कापला आणि पेस्टच्या नळीतून पेस्ट दाबून काढावी तसं आतलं द्रव्य काचेवर काढलं. ॲलनने व्हिडिओ कॅमेरा जोडून सूक्ष्मदर्शकाची नजर इतकी तीक्ष्ण केली होती की पूर्वी न दिसणाऱ्या पुटिका, म्हणजे माल भरलेल्या इवल्या पिशव्या, आता पडद्यावर दिसत होत्या. नळ गेला, भिंत गेली, तुंबणं गेलं. आणि पुटिका चालतच राहिल्या, दोन्ही दिशांना, तासन् तास. कात्रजचा नळ फोडला तर पाणी शेतात जाईल. इथे नळ काढून टाकला तरी माल पोचत होता! हा प्रयोग वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. माझं उदाहरण किती वर्षं किती मुलांच्या डोक्यात बसलं असेल, याचाच हिशोब करत राहिले.

पुढचं सगळं पटापट झालं. १९८५ मध्ये रॉन व्हेल, थॉमस रीझ आणि शीट्झ यांनी त्या स्क्विडच्या द्रव्यातून चालणारं प्रथिन वेगळं काढलं आणि नाव ठेवलं कायनेसिन. उलट दिशेला चालणारं डायनीन. ते नाव १९६५ पासून होतंच, पण केसासारख्या पक्ष्माभिका हलवणाऱ्या प्रथिनाचं. चेतापेशीतलं त्याचं भावंड १९८७ मध्ये सापडलं. दोघंही ज्यावरून चालतात ती वाट म्हणजे सूक्ष्मनलिका, ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या साधारण तेरा ओळी गोल जुळून झालेली पोकळ नळी, २५ नॅनोमीटर जाड. कायनेसिनला दोन पाय असतात. एक पाय टेकलेला, दुसरा उचलून पुढे, प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च, आणि वाट पुढे सरते ८ नॅनोमीटर. पाठीवर स्वतःच्या कितीतरी पट मोठी पुटिका.

लहानपणी दादाबरोबर नाना पेठेत भुसारावर जायचे तेव्हा पाहिलेला हमाल मला यात दिसतो. पोतं पाठीवर, डोक्यावरून आलेला पट्टा कपाळाला, आणि पावलं लहान, सारख्या अंतराची, एक टेकल्याशिवाय दुसरं न उचललेलं. असा माणूस अंगावर लोंबकळणाऱ्या ओझ्यासह कधी धावत नाही आणि कधी थबकतही नाही. कायनेसिनचं चलचित्र बघताना मला तीच चाल आठवते, आणि आदर वाटतो.

तर सदाफुली. व्हिन्क्रिस्टिन चिकटतं ते ट्युब्युलिनला, म्हणजे हमालाला ते हातही लावत नाही, त्याच्या पायाखालची वाट उखडतं. विभागणाऱ्या पेशीत याने गुणसूत्रं अडकतात, जे आपल्याला हवं होतं. चेतापेशीत माल अडकतो. आणि वाट जितकी लांब, तितकी ती कुठेतरी तुटलेली असण्याची भीती जास्त. म्हणून मुंग्या येतात त्या बोटांच्या टोकांना, तळव्यांना. वहिनींची चप्पल निसटली ती मणक्यापासून मीटरभर लांब.

सह्याद्रीतलं दुसरं एक फूलही या इतिहासात आहे. श्रावणात सिंहगडाच्या वाटेवर झुडपांतून वर आलेली कळलावी दिसते, पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी, म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, जहाल विष. (पोरांनी हात लावू नये म्हणून आई दुरूनच दाखवायची.) हेच कोल्चिसिन युरोपातल्या एका फुलात मिळतं आणि गाउट नावाच्या सांधेदुखीवर शतकानुशतकं वापरलं गेलं. तेही ट्युब्युलिनलाच धरतं. किंबहुना ट्युब्युलिन सापडलं ते कोल्चिसिन कशाला चिकटतं हे शोधताना, १९६७ मध्ये. १९७० मध्ये यामादा, स्पूनर आणि वेसेल्स यांनी बशीत वाढणाऱ्या कोंबडीच्या चेतापेशींवर ते घातलं, तर वाढलेला अक्षतंतू हळूहळू मागे आखडून पेशीत परत गेला. दुसऱ्या बशीत ॲक्टिन मोडणारं औषध घातलं, तर तंतू जिथल्या तिथे राहिला पण त्याचं टोक लुळं पडलं, पुढे सरकेना. म्हणजे एकाच तंतूत दोन सांगाडे: सूक्ष्मनलिकांचा आतला कणा, आणि ॲक्टिनचं टोकाकडचं चाचपडणारं बोट. ते बोट १८९० मध्ये स्पेनच्या काहालने मेलेल्या, रंगवलेल्या ऊतीत ओळखलं होतं. ते खरोखर चालताना १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसनने पाहिलं, बेडकाच्या लसिकेच्या थेंबात वाढवलेल्या तंतूत.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला तिथे येते. हमाल वाटेवरून माल नेतात इथपर्यंत ठीक. पण वाट बनवतं कोण? तंतू लांब होतो तो कसा? आणि वाटेच्या सगळ्या नळ्यांची तोंडं एकाच दिशेला का? १९८८ मध्ये पीटर बास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अक्षतंतूतल्या झाडून सगळ्या सूक्ष्मनलिकांची वाढती टोकं बाहेरच्या बाजूला असतात, तर पेशीच्या आखूड फांद्यांमध्ये, म्हणजे वृक्षिकांमध्ये, ती मिश्र असतात. आमच्या लक्ष्मी रस्त्यावर एकेरीची पाटी आहे, ती महापालिकेने लावली. पेशीत पाटी लावणारं कोणी नाही. तिथे हे काम चालणारेच करतात असं एकामागून एक प्रयोग सांगू लागले. फळमाशीच्या कोवळ्या चेतापेशीत कायनेसिन एका नळीवर उभं राहून दुसरी नळीच पुढे सरकवतं आणि त्या रेट्याने पेशीच्या भिंतीला पहिला कोंब फुटतो, हे २०१३ मध्ये व्लादिमिर गेलफँडच्या गटाने दाखवलं. पुढच्याच वर्षी काइल मिलरच्या गटाने दाखवलं, की वाढत्या तंतूत डायनीन आतला सगळा सांगाडा, नळ्या आणि त्यांच्यात गुंतलेलं सारं, एकसंध पुढे रेटत असतं. त्याच्या उलट मायोसिन तंतूला आवळत असतं. रेटा जिंकला तर तंतू वाढतो, आवळणं जिंकलं तर आखडतो.

हे वाचल्यावर मला पॉल वाइसची आठवण झाली आणि थोडं बरं वाटलं. त्याने तुंबलेला ऐवज सरकताना पाहिला होता ते खोटं नव्हतं. सगळं एकत्र पुढे सरकतंही. फक्त ते आपोआप वाहत नाही. त्याला लाखो पाय रेटतात. आणि मिलिमीटरभर वेगाची ती रांगणारी रसद? २००० मध्ये अँथनी ब्राऊनच्या गटाने चमकणारे प्रथिनाचे धागे प्रत्यक्ष पाहिले, तर ते चालतात तेव्हा चांगले झपाझप चालतात, पण बराच वेळ नुसते उभे असतात. सरासरी काढली की रांगणं दिसतं.

या गोष्टीतला मोठा भाग आपल्या इथे घडतो आहे, हे मला फार उशिरा कळलं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानु राय फळमाशीच्या चेतापेशींतल्या कायनेसिनवर काम करत आले. तिथेच संध्या कौशिका यांनी केसाएवढ्या बारीक, पारदर्शक कृमीत जिवंतपणी ही वाहतूक पाहिली. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने लिहिलं, की तंतूत ॲक्टिन दाट असलेल्या जागी पुटिका थांबतात, मागच्या त्यांना येऊन अडतात आणि कोंडी होते, निरोगी तंतूतसुद्धा. गणपतीआधीच्या शनिवारी लक्ष्मी रस्ता पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एक रिक्षा कडेला उभी राहते आणि शंभर गाड्या थांबतात. विशेष हे, की पेशीला ही कोंडी चालते. ती सुटते, पुन्हा होते, आणि माल पोचतो.

रूप मलिक यांचं काम मला सगळ्यात भिडलं. एका पुटिकेवर कायनेसिन आणि डायनीन दोघंही बसलेले असतात, तोंडं विरुद्ध दिशांना, आणि त्यांच्यात रस्सीखेच चालते. एकास एक ताकद मोजली तर कायनेसिन बलदंड. एकटं डायनीन त्याच्यापुढे अगदी दुबळं. तरी पुटिका मागे जाते. कारण डायनीन एकेकटं ओढत नाही. टाटा संस्थेतल्या त्यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की बरीच डायनीन मिळून ओझं वाटून घेतात, ओढ वाढली की पावलं आखूड करतात, मागे पडलेल्याला जवळ येऊ देतात, आणि एकत्र जोर लावून बलदंडाला मागे नेतात. सदाशिव पेठेतल्या चाळीतल्या, वाड्यातल्या माणसाला हे माहीत असतं. गणपतीची मूर्ती मांडवात चढवताना असंच होतं.

आणि पाषाणला, आमच्या घरापासून बसने पाऊण तासावर, आयसर ही विज्ञानसंस्था आहे, २००६ मध्ये सुरू झालेली. तिथे अर्णब घोष कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशी बशीत वाढवतात. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले प्रमोद पुल्लरकट यांच्याबरोबर त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की बशीला चिकटलेला तंतू सोडवला की तो आखडतो आणि ताठ सरळ होतो. म्हणजे तो कायम ताणलेला असतो, तंबोऱ्याच्या तारेसारखा, आणि ती ओढ ॲक्टिन-मायोसिनची. २०२० मध्ये त्याच दोन गटांनी काचेच्या केसाएवढ्या दांड्याने एकेका तंतूला बाजूने ओढून पाहिलं. झटका दिला की ताण एकदम चढतो आणि मग सावकाश उतरतो. तंतूच्या कातड्याखाली ॲक्टिनच्या कड्या असतात, साधारण १९० नॅनोमीटर अंतराने, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्या २०१३ मध्ये अमेरिकेत प्रथम दिसल्या. कड्यांना जोडणारं स्पेक्ट्रिन नावाचं प्रथिन झटका बसला की उलगडतं आणि धक्का पचवतं. गुडघा वाकतो, सरळ होतो, मागून जाणारी नस दर पावलाला ताणली जाते आणि तुटत नाही, याचं कारण समजायला मला सत्तरी उलटावी लागली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तो लेख छापून आणून दिला आणि दोन दुपारी माझ्याबरोबर बसून वाचला. हायड्रिलाच्या पानात ढकलणारा शोधणारी तीच ती मुलगी. आता तिच्या केसांत माझ्याहून थोडंच कमी पांढरं आहे.

वाचता वाचता ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही कात्रजचा नळ शिकवला नसतात तर मला प्रश्न पडला नसता." मी काही बोलले नाही. तिच्यासाठी चहा टाकला.

वहिनींचं औषध १९९३ च्या डिसेंबरात थांबलं. पेशीकडून निघालेलं नवं ट्युब्युलिन सरासरी दिवसाला मिलिमीटरभर जातं. मणक्यापासून अंगठ्यापर्यंत हजार मिलिमीटर. हा हिशोब मला तेव्हा कोणी सांगितला असता तर मी त्यांना 'महिन्याभरात बरं वाटेल' असं म्हटलं नसतं. हात आधी सुटले. पुढच्या वर्षी, दिवाळीआधी, त्या ओट्याशी परात घेऊन बसल्या होत्या, अनारशांचे तांदूळ निवडत. मी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, नुसती चिमूट पुढे केली.

"वन्सं, बघा. न बघता लागला."

चिमटीत करड्या रंगाचा, मोहरीएवढा खडा होता.

पायांना आणखी वेळ लागला. वाडा पाडला तेव्हा चौकातली सदाफुली मी कुंडीत घेतली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तिला ऊन चांगलं मिळतं. वहिनी आता नाहीत. शेवटपर्यंत नागनाथ पाराकडे निघताना त्या चपलेचा अंगठा दोनदा दाबून बघायच्या, आणि मग पायरी उतरायच्या.